मान्सिक्कीचं मलम

५ नोव्हेंबर १९७८

सायमी,

नुसतंच 'सायमी' लिहिलंय. 'प्रिय' लिहायला अजून मन होत नाही, आणि मनात नाही ते कागदावर उतरवायची मला सवय नाही.

तुझं पार्सल पोचलं. मलमाचे ते मोठाले डबे, पांढरे सुती मोजे आणि वर तुझं सूचनापत्र. आईला अंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट. काळा डांबरी साबण बंद. अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओलं आहे तोवरच मलम चोपडायचं म्हणजे पाणी आतच राहतं. लोकरीच्या आत सुती मोजे घालायचे. शेगडीवर कायम पाण्याचं पातेलं ठेवायचं म्हणजे घरातली हवा सुकत नाही. वाचून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पातेलं ठेव, त्यात बटाटे पण उकडून होतील." आई अजून आईच आहे, काळजी नको.

अगं, पण कोमट पाणी? आपण दोघी अंगणातल्या त्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात जन्मलो. बाबांची शेवटची अंघोळ मी तिथंच घातली. आईनं शहाऐंशी वर्षं दर शनिवारी तापल्या दगडांवर पाणी ओतलं, भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडपलं, डांबरी साबणानं खसाखसा घासलं आणि बर्फात जाऊन उभी राहिली. सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही त्याला औषधच नाही, असं म्हणणारी आपली माणसं मूर्ख होती का? तू नोकरी करतेस त्या डुलुथच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना कोमट पाण्यानं पुसत असतील. तिथल्या म्हाताऱ्यांना कोण विचारतं!

ऑक्टोबरात तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. शेजारची लेम्पी कॉफी पीत बसली होती तिच्यासमोर म्हणालीस, "आईची कातडी कागदासारखी झालीय हिल्मा. हिवाळाभर मी तिला नेते. तुझ्याच्यानं होणार नाही." मग मीही बोलले. तू पगार घेऊन परक्यांची अंगं पुसतेस ती पूस, माझी आई मला ठेव, असं म्हणाले. तू अर्धी कॉफी टाकून उठलीस. तुला लागलं असेल. मलाही लागलंच होतं.

तेव्हा दारात सांगितलं तेच आता लिहून देते. बर्फ वितळला की ये आणि आईचे पाय स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एक भेग जरी दिसली तरी तिला घेऊन जा. मी ब्र काढणार नाही.

मलम वापरात आहे.

हिल्मा

ता. क. फोन करू नकोस. आपली तार लेम्पीच्या तारेशी जोडलेली आहे आणि ती कान लावून बसते.

१० डिसेंबर

सायमी,

तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत तेच, आईचे पाय कसे आहेत. पाय चालायला असतात आणि आई चालते. अंगाला खाज सुटते, पण म्हातारपणी ती कुणाला सुटत नाही? संध्याकाळी शेगडीजवळ बसली की तिचा हात आपोआप नडगीवर जातो. खाज म्हणजे मळ, असं तीच आपल्याला लहानपणी सांगायची ना? म्हणून मी आता तिच्यासाठी आठवड्यातून तीनदा सौना पेटवते. तिला ब्रशनं घासते. घासलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तू तिथं बसून उगाच कपाळाला आठ्या घालू नकोस.

शनिवारी बायका येतात तेव्हा मात्र तिला नेत नाही. दाराची उघडझाप फार होते, गार वारा येतो. तिला मी शुक्रवारी एकटीलाच नेते. लेम्पी विचारत होती, "म्हातारी रुसलीय का आमच्यावर?" मी म्हटलं, सर्दी आहे.

थंडी कडाक्याची पडलीय. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय, लेम्पीच्या रेइनोची बर्फ सारायची गाडी दिवसातून दोनदा जाते. शेगडी रात्रंदिवस धडधडतेय. पातेल्याचं म्हणशील तर शेगडीवर जागा कुठं आहे? कॉफीची किटली असते, माझे ओले हातमोजे असतात. ठेवीन.

मान्सिक्की झकास आहे. दर हिवाळ्यात तिच्या आचळांना चिरा पडतात, दूध काढताना बिचारी लाथा झाडते. यंदा एक चीर नाही. लोण्यासारखी आचळं आहेत. एवढी छान गाय मी चाळीस वर्षांत बघितली नाही.

तुझ्याकडे जास्तीचे असतील तर मलमाचे आणखी एकदोन डबे पाठव. आईला बरंच लागतं.

हिल्मा

२७ डिसेंबर

सायमी,

डबे मिळाले. वेलदोड्याचा पाव केला होता, त्यातला एक तुला पाठवलाय. वाटेत वाळला असेल, कॉफीत बुडवून खा.

नाताळचा सौना झाला. वाईट झाला. तुझ्या कानावर काहीबाही यायच्या आधी मीच सांगते.

आई सकाळपासून हटून बसली होती. "नाताळच्या आदल्या दिवशी मी एकटी अंघोळ करणार नाही. मी मेलेय का?" म्हणाली. मी थंडी सांगितली, सर्दी सांगितली, निसरडी वाट सांगितली. ती कोट घालून दारात उभी. बाहेर लेम्पी, तिच्या दोन्ही सुना, गेल्या वर्षी आलेली ती चर्चमधल्या बाजावाल्याची बायको, सगळ्या टॉवेल घेऊन आलेल्या. काय करणार? नेलं.

पण मोजे काढू दिले नाहीत.

हसतेस? हस. सौनात आजवर कुणी मोजे घालून बसलंय का? माणूस तिथं जन्मला तसा उघडा बसतो. पोट सुटलेलं, छाती ओघळलेली, शस्त्रक्रियेचे टाके, सगळं सगळ्यांना दिसतं आणि कुणी कुणाला बोलत नाही. तिथं आई गुडघ्यापर्यंत लोकरीचे राखी मोजे घालून वरच्या फळीवर बसलेली.

लेम्पी म्हणाली, "अगं हिल्मा, म्हातारीला चर्चला न्यायचंय की काय अंघोळीनंतर?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, मलम लावलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टर आमच्याकडे सप्टेंबरपासून आलेला नाही. आई मान खाली घालून बसली होती. तेच मला जास्त लागलं.

मग लेम्पीचं हसू थांबलं. डाव्या मोज्यावर घोट्यापाशी एक काळपट ओला डाग होता. तिनं डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दगडांवर उगाचच एक डावभर पाणी ओतलं. वाफेत कुणाला काही दिसेना. ती बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

थोडीशी चीर होती. आता बरी आहे. लेम्पीनं काही लिहिलं तर तिखटमीठ लावून लिहील, तिला ओळखतेसच.

हिल्मा

१४ जानेवारी १९७९

सायमी,

लेम्पीनं लिहिलंय हे तुझ्या पत्रावरून कळलं. खोटं आहे. आईचे पाय ठीक आहेत. येऊ नकोस, बसगाड्या बंद आहेत आणि रस्त्यावर घराएवढा बर्फ आहे.

हिल्मा

३ फेब्रुवारी

सायमी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन शेगडीत घातली. त्यांतही मी स्वतःलाच सांभाळून घेतलं होतं.

आईचे पाय ठीक नाहीत. नोव्हेंबरपासूनच ठीक नाहीत.

तुझं मलम मी तिला लावलं नाही. एकदाही नाही. ते सगळं मान्सिक्कीच्या आचळांना लावलं.

झालं असं, की तुझं पार्सल आलं त्याच आठवड्यात गोठ्यातलं मलम संपलं होतं. लहानपणापासून आपण गोठ्यातलं मलम हातांना लावत आलो, आई तर ओठांनाही लावायची. मी मनाशी म्हटलं, गोठ्यातलं मलम घरात चालतं तर घरचं गोठ्यात गेलं म्हणून काय बिघडलं? बोटभर घेतलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं. गाईच्या चिरा चार दिवसांत मिटल्या. मलम चांगलं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, सायमी. हे तुला नीट समजावं म्हणून सांगते. कळलं नव्हतं असं नाही. कळलं म्हणूनच आईला लावलं नाही. तिचे पाय त्या मलमानं बरे झाले असते तर ऑक्टोबरात तू म्हणालीस ते खरं ठरलं असतं. मी तिचे पाय सौनानं, डांबरानं, माझ्या हातांनी बरे करून तुला दाखवणार होते. जितके फुटत गेले तितकं जास्त घासत गेले. लोकरीचे मोजे तिच्या उघड्या नडगीवर चढवले, कारण सुती मोजे तू पाठवले होतेस.

गुरुवारी आई म्हणाली, गोठ्यात नेतेस का, मान्सिक्कीला बघून बरेच दिवस झाले. तिथं उबदार असतं म्हणून नेलं. तिपाईवर बसवलं. मी दूध काढत होते. तिनं हात लांब करून गाईच्या कासेवरून फिरवला. तुला माहीत आहे, दिसतं तिला कमी पण हाताला सगळं कळतं. बराच वेळ हात फिरवत राहिली.

"हिल्मा, किती मऊ झालीय गं ही," म्हणाली. "हिला काय लावतेस?"

डबा तिथंच खुंटीशेजारी होता, त्यावर तुझ्या अक्षरात आईचं नाव. तिला ते वाचता आलं नसतं, तरी मी पुढं होऊन डबा पोत्यामागं सरकवला. काय बाई मी!

"गोठ्यातलंच मलम," मी म्हटलं.

"मग त्यातलं थोडं उरलं तर मलाही लाव ना गं," आई म्हणाली. "गाईचं कमी करू नकोस. उरलं तर."

सायमी, ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे कसे मारायचे ते येतं, तू आणि मी दोघींनी खाल्लेत. ती खरंच मागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट कुठली, तर हे सायमीला कळता कामा नये. अशी आहे मी.

घरात आणून मोजे काढायला घेतले. डावा निघेना. लोकर कातडीला चिकटली होती. कोमट पाण्याचं पातेलं आणलं (हो, कोमट) आणि भिजवत बसले. आई बाक धरून बसली होती. "ओढ एकदाची," म्हणाली. मी ओढलं नाही. सुटला तेव्हा वास आला. नडगी घोट्यापासून वर लाल आणि गरम, मधे जखम. अंगात ताप होता आणि मी तो शेगडीचा शेक समजत होते.

मी फोन उचलला. तारेवर लेम्पी होतीच. म्हणाली, "हिल्मा, तू ठेव. रेइनोला मी पाठवते, तो नर्सला घेऊन येईल." कधीपासून कान लावून वाट बघत होती कोण जाणे.

काउंटीची नर्स बर्फ सारायच्या गाडीत बसून आली. पायात विष भिनायला लागलंय म्हणाली. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, रोज येतेय. ताप आज उतरलाय. पाय वाचेल असं तिचं म्हणणं आहे. जाताना तिनं विचारलं, घरात एखादं चांगलं घट्ट मलम आहे का? मी गोठ्यात गेले आणि घेऊन आले. एकच डबा उरला होता. डब्याला शेण लागलं होतं, ते तिच्यादेखत पुसलं.

भेग दिसली तर घेऊन जा असं मी लिहून दिलं होतं. ये आणि घेऊन जा तिला. मी ब्र काढणार नाही.

हिल्मा

२५ मार्च

प्रिय सायमी,

तुझं पत्र काल मिळालं. आईची जखम भरली, ती तुझ्या खिडकीत बसून सरोवरावरचा बर्फ फुटताना ऐकते, शेजारणीशी भांडते. वाचून खूप बरं वाटलं, आणि मग मला बसून रडू आलं. दोन्ही एकदमच झालं.

तू इथं होतीस तेव्हा मी नीट काही बोलले नाही. तू रेइनोच्या गाडीतून उतरलीस तेव्हा मी दारात उभी होते, तोंडात मारून घ्यायच्या तयारीनं. तू बूट झटकलेस आणि विचारलंस, "कॉफी आहे का?" एवढंच. चार शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. तू आल्या आल्या शेगडीवर पातेलं ठेवलंस. माझे हातमोजे उचलून बाजूला ठेवलेस, तेही हळू.

तुला वाटलं असेल मी तेव्हा भांडी घासत होते, पण मी बघत होते. तू आईला टबात बसवलंस, कोपरानं पाणी बघितलंस. अंग टिपलंस, जसं लहान मुलाचं तोंड टिपतात. कातडीवर ओल चमकत होती तेवढ्यात मलम लावलंस, खालून वर, न चोळता. आई म्हणाली, "ही नर्स बरी आहे, हिचे हात गार नाहीत." मग डोळे मिटून तशीच बसली. इतक्या महिन्यांत ती खाजवल्याशिवाय बसलेली मी पाहिली नव्हती. तू परक्यांची अंगं पगारासाठी पुसतेस असं मी म्हणाले होते. ते मागं घेता येत नाही, पण मी म्हणाले होते हे मला रोज आठवतं.

आईला तू काहीच सांगितलं नाहीस. मी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी, तू सामान बांधत होतीस तेव्हा. म्हटलं, आई, ते मलम तुझंच होतं. मी गाईला लावलं. तिनं माझा हात चाचपला. मग म्हणाली, "गाईला तरी लावलंस. टाकून दिलं असतंस तर मी तुला घरात घेतलं नसतं." आणि माझा हात तिनं जरा जोरातच दाबला. माफ केलं की चिमटा काढला ते अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्याच संध्याकाळी तू माझे हात हातात घेतलेस, आठवतं? बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, अंगठा रक्ताळलेला. तू डब्यात बोटं बुडवलीस आणि मी हात ओढून घेतले. "आईसाठी ठेव," म्हणाले. तू डबा बंद केलास आणि तिथंच टेबलावर ठेवून गेलीस. तुला वाटलं असेल, हिचा ताठा काही जात नाही. ताठा नव्हता गं. गाईला लावून आईला न दिलेलं ते मलम माझ्या हातांना लागावं याची लाज वाटली.

डबा अजून टेबलावर आहे. कालपर्यंत हात लावला नव्हता.

शनिवारी बायकांबरोबर बसत नाही मी. त्या येतात, मी पेटवून देते आणि घरात येऊन बसते. लेम्पी दार वाजवते, "येतेस का, पाठ घासून देते." मी म्हणते, सर्दी आहे. तीच सर्दी. तिला सगळं ठाऊक आहे आणि तिनं गावात अवाक्षर काढलेलं नाही. ज्या लेम्पीला मी जन्मभर चोंबडी म्हणत आले.

काल त्या गेल्यावर, दगड निवत आले होते तेव्हा एकटीच गेले. झोडपलं नाही, घासलं नाही. कोमट पाणी अंगावर घेतलं. तुझ्यासारखं टिपलं आणि ओली असतानाच मलम लावलं. हातांना, कोपरांना, नडग्यांना. माझ्याही नडग्या आईसारख्याच फुटल्यात, खवले निघताहेत. मोजे घातले होते म्हणून तुला दिसल्या नाहीत. नाताळला आईला मोजे घालून बसवलं, आणि स्वतः तर तू होतीस तेवढे दिवस चढवूनच होते.

तू विचारलंयस, मे महिन्यात आईला घेऊन येऊ का, ती गाईची आणि सौनाची आठवण काढतेय, ठरव तू. मी ठरवणार नाही. ठरवायचा हक्क मी गोठ्यात घालवला. तू ठरव, नाहीतर तिला विचार. आलात तर सौना मंद पेटवीन. काळा साबण मी लेम्पीला देऊन टाकलाय, तिच्या नवऱ्याची कातडी गेंड्याची आहे.

पण आईला आणलं नाहीस तरी तू ये. बाकी सगळीकडे मी मलम लावून घेते. पाठ फार खाजते आणि तिथं माझा हात पोचत नाही.

तुझी,
हिल्मा